तीस इंचांचं पाऊल

गवत अर्ध्यावर कापून झालं होतं तेव्हा कुंपणाची माणसं आली. चौघं होते. त्यांनी रानात खुंट्या ठोकायला सुरुवात केली. पहिल्या दोन कापलेल्या भागात, तिसरी उभ्या गवतात, आणि चौथीसाठी त्यांतल्या एकानं सुनेनं बांधून ठेवलेला भारा पायानं बाजूला लोटला.

"अहो, भारा आहे तो," सून विळा धरूनच म्हणाली.

"दिसतोय."

"मग पाय कशाला लावता?"

"हात लावायची मजुरी वेगळी," तो म्हणाला, आणि बाकीचे तिघं हसले.

तिचा नवरा पलीकडं पेंढ्या बांधत होता. तो हसला नाही, पण उठलाही नाही. सुनेनं भारा उचलून खुंटीच्या आतल्या बाजूला, अगदी मुद्दाम, पुन्हा ठेवला.

"सोमवारी तार ओढणार," त्या माणसानं सांगितलं. "मग आत यायचं नाही. जे कापायचं ते त्याआधी कापा. स्मारक होणार आहे इथं."

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

तो पुढची खुंटी ठोकायला वळला. इथं लढाईत कुणीच मेलेलं नव्हतं.

रानाला सगळे अजून छावणीच म्हणत. छावणी उठून पन्नास वर्षं झाली होती आणि ती होती त्या वेळीही फक्त दोन वर्षं चार महिने होती. लढाई समुद्रापलीकडं चालली होती. इथं नुसती माणसं शिकवायचे. रांगेत उभं राहायला, रांगेत चालायला, रांगेत जेवायला. बंदुका पुरत नव्हत्या म्हणून लाकडाच्या दिल्या होत्या. शत्रू म्हणून पेंढ्याची बुजगावणी उभी करायचे, आणि तो पेंढाही इथल्याच शेतांतून उचललेला. त्या दोन वर्षं चार महिन्यांत छावणीनं बावीस झाडं, एक वासरू आणि एक विहीर एवढ्यांचा पाडाव केला. घरं सात दिवसांत रिकामी करून घेतली होती. लढाई संपल्यावर सहा महिन्यांत जमीन परत, असं तोंडी सांगितलं होतं. लढाई संपली, माणसं गेली, तंबू गेले. जमीन मात्र सरकारी खात्याकडंच राहिली. खातं दरवर्षी तिथल्या गवताचा लिलाव करी, आणि ज्यांची ती जमीन होती तेच येऊन आपल्याच रानातलं गवत बोलीत घेत. सुनेच्या घरची सहा जनावरं या गवतावर उन्हाळा काढायची. गवत गेलं तर जनावरं विकायची, आणि जनावरं विकली की त्या घरात करण्यासारखं काही उरणार नव्हतं. हे तिला सांगावं लागत नव्हतं, आणि नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता.

स्मारकाचा साहेब त्याच दिवशी दुपारी घरी आला. बूट चकचकीत, हातात छापील पुस्तिका. दारातून वाकून आत येताना त्यानं चौकटीला हात लावला आणि मग तो हात रुमालाला पुसला. सुनेनं ते पाहिलं. ती पाणी आणायला निघाली होती, ती जागच्या जागी बसली.

सासऱ्यानं मात्र उठून टाचा जुळवल्या.

सासरा एकसष्ट वर्षांचा होता. गावात त्याला माघारी कवायत्या म्हणत. छावणी आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. रविवारी शिपायांना करमायचं नाही, म्हणून त्यांचा कवायत मास्तर गावातली पोरं गोळा करून त्यांना चालायला शिकवी. मास्तरकडं एक काठी होती, मोजून तीस इंच. पाऊल तीस इंच पडलं तर बिस्किट, कमी-जास्त पडलं तर तीच काठी नडगीवर. पोरं रडत, शिपाई पोट धरून हसत. बाकीची पोरं चार रविवारांत पळाली. हा टिकला. त्याच काळात याचा बाप आपल्याच शेतात, जिथं पूर्वी घर होतं तिथं, शिपायांच्या संडासाच्या बादल्या वाहत होता. दुसऱ्या वर्षी तापानं गेला. पोराला बिस्किटं मिळत राहिली.

तेव्हापासून सासऱ्याचं पाऊल तीस इंचांचं पडायचं. ना जास्त, ना कमी. गावात कुणाला भिंत घालायची असो, वाटणीची रेघ मारायची असो, लोक त्याला बोलवत. तो ताठ मानेनं, हात झुलवत चालत जाई आणि आकडा सांगे. मागून टेप लावली तरी चार बोटांचा फरक निघत नसे. एरवी त्याला हसणारे लोकही त्या वेळी गप्प बसत. सासऱ्याकडं आयुष्यात अभिमान धरावा असं तेवढंच होतं, आणि ते त्यानं घट्ट धरलं होतं.

"आपण या छावणीतून प्रशिक्षण घेतलेले शेवटचे हयात सैनिक," साहेब म्हणाला.

"सैनिक कुठले," सून म्हणाली. "नऊ वर्षांचे होते."

"बाल सैनिक म्हणू." साहेब हसला. "सोमवारी उद्घाटन. संचलनाच्या पुढं आपण. फोटो निघतील. एक शाल देऊ."

सासऱ्याचा चेहरा असा उजळला की सुनेला किळस आली. तिनं पुस्तिका उचलली. शाळेत सातवीपर्यंत गेलेली होती. त्यानंतर वीटभट्टीवर आठ वर्षं विटा मोजायच्या कामाला होती, त्यामुळं छापलेलं आणि मोजलेलं या दोन्हींवर तिचा सहजासहजी विश्वास बसत नसे. पुस्तिकेत तंबूंचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'स्थानिकांनी आपल्या जमिनी आनंदाने दिल्या.'

"हे 'आनंदाने' कुणी सांगितलं तुम्हाला?"

"संशोधन केलंय," साहेब म्हणाला.

"मामंजी, तुमचे वडील आनंदानं बादल्या वाहत होते का?"

"तू गप्प बस," सासरा म्हणाला. मग साहेबाकडं वळून, "हिला सवय आहे."

साहेबानं जाताना एक गोष्ट मात्र कामाची सांगितली, आणि तीसुद्धा सांगायची म्हणून नव्हे, सहज. शनिवारी खात्याचा मोजणीदार येणार होता. छावणीच्या आधीची काही खूण, कागदात लिहिलेली, कुणी जागेवर दाखवली तर तेवढं रान कुंपणाबाहेर ठेवायचं असा नियम होता. "एक औपचारिकता," साहेब म्हणाला. "पन्नास वर्षांत कुणी दाखवली नाही."

कागद घरात होता. सासऱ्याच्या बापानं छावणीच्या आधी करून घेतलेला. त्यात एकच ओळ महत्त्वाची होती: हद्दीच्या दगडापासून उगवतीला सरळ चाळीस पावलांवर विहीर, आणि विहिरीच्या चारी अंगांनी हद्दीपर्यंत आमचं रान. हद्दीचा दगड जागेवर होता. तो इतका मोठा होता की छावणीला हलला नव्हता. विहीर मात्र नव्हती. छावणीनं नळ आणल्यावर तिच्यात डास होतात म्हणून ती बुजवली, वरून झाडं तोडून, यंत्र फिरवून सगळं सपाट केलं. नंतर तिथं कवायत चालली. एका जागेवरून दुसरी जागा ओळखावी असं काही ठेवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दगडापाशी गेले. सासरा दगडाला पाठ लावून उभा राहिला, छाती पुढं काढली आणि निघाला. एक, दोन, तीन. पाय फेकत, टाच आपटत. चाळीसला थांबला. तिथं जमिनीत आधीच एक मोठा खळगा होता. याच जागी त्यानं आयुष्यात तीन वेळा खणलं होतं.

"चौथ्यांदा काय निघणार आहे?" नवरा म्हणाला.

"खोल गेलो नव्हतो."

ते खोल गेले. नवरा पहार मारी, सासरा फावड्यानं ओढी, सून पाट्या वाहून टाकी. मुरूम लागला, मग त्याखाली पिवळा कातळ लागला. पहार त्यावर पडली की नवऱ्याच्या कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या. तो दर वेळी पहार काखेत दाबून हात झटकायचा. तिसऱ्या प्रहरी त्याच्या तळहाताची कातडी सुटली. सुनेनं डोक्याचं फडकं फाडून बांधलं. कातळ अखंड होता. त्याला कधी कुणी हात लावलेला नव्हता, हे लहान मुलालाही कळलं असतं.

"इथं विहीर नव्हती कधी," ती म्हणाली.

"कागदात आहे," सासरा म्हणाला. तो खड्ड्याच्या कडेला बसून धापा टाकत होता. "चाळीस. मीच दाखवली होती तेव्हा. छावणी उठली त्या साली अधिकारी आला, खुर्ची घेऊन. आमची आई त्याला म्हणते, अलीकडं आहे, अलीकडं. मी अकरा वर्षांचा. मी म्हटलं, साहेब, मी मोजतो. चालून दाखवलं. साहेब खूश. असा पोरगा पाहिला नाही म्हणाला." तो हसला. "आई मागून ओरडतेय, अरे, रोज भरलेली घागर घेऊन मी चाललेय, मला माहीत नाही? साहेब म्हणाला, बाईंना जरा बाजूला घ्या. बायकांना अंतर कळतं होय!"

"मग खणलं?"

"खणलं. नाही निघाली. बुजवलेली विहीर खाली गेली असंल."

"विहिरी खाली जात नाहीत, मामंजी. आणि मग कागदावर काय लिहिलं साहेबानं?"

सासऱ्यानं फावडं उचललं. नवऱ्यानंच सांगितलं. "दावा खोटा, असं लिहिलं."

सुनेनं पाटी उपडी केली आणि घराकडं निघाली. तिला सासऱ्याचा राग येऊन गेला होता. आता नुसता वीट आला होता. आईला खोटं पाडलं, बापाचा कागद खोटा पाडला, आणि अजून तीच गोष्ट हसत सांगतो. त्या बिस्किटवाल्याला तरी काय म्हणावं. काठी घेऊन आला आणि एका पोराच्या दोन पायांत कायमची छावणी टाकून गेला.

गवत थांबून चालणार नव्हतं. शनिवारपर्यंत उरलेले तीन दिवस तिघांनी कापलं. एरवी सासरा भारे वाहत नसे. तो पेंढ्या बांधी, गाडीत रचून घेई, आणि मोकळा ये-जा करत हुकूम सोडी. या वेळी माणूस कमी होतं आणि दिवस मोजके, म्हणून तोही वाहायला लागला. गाडी वाटेवर, हद्दीच्या दगडापासून दूर उभी होती, चाक रुतू नये म्हणून. दगडापाशी भारे जमवायचे आणि तिथून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायचे. सून गाडीत उभी राहून भारे घेत होती.

भट्टीवरची सवय, तिच्या डोक्यात आकडे आपोआप चालत. कुणी जिना चढला तरी ती पायऱ्या मोजायची. नवरा दगडापासून गाडीपर्यंत एकशे अठरा पावलांत यायचा. परत मोकळा जाताना एकशे सोळा, सतरा. भारा असो-नसो, त्याच्या चालीत फरक नव्हता. जन्मभर ओझ्याखाली चाललेल्या माणसाचं पाऊल मोकळं झालं तरी लांबत नाही. सासरा मोकळा जाताना सत्त्याऐंशी. ते तर गावाला माहीत होतं. पण सासरा भारा घेऊन आला तेव्हा तिनं मोजलं आणि तिला वाटलं आपलं चुकलं. तिनं पुढच्या खेपेला पुन्हा मोजलं. एकशे सतरा. मग पुन्हा. एकशे सतरा. मग एकशे एकोणीस, पण तेव्हा तो मध्ये अडखळला होता.

ती भारा हातात धरून तशीच उभी राहिली.

"घेतेस का नाही? मान मोडली माझी," सासरा खालून म्हणाला.

"मामंजी, तुम्ही भारा घेतला की कवायत करत नाही."

"भाऱ्याखाली कुणाच्या बापाला जमते कवायत?"

"तेच," ती म्हणाली.

दुपारी दोघं बापलेक सावलीत आडवे झाले तेव्हा तिनं नवऱ्याला झोपेतून उठवून दगडापाशी नेलं. त्याच्या डोक्यावर भारा दिला आणि सांगितलं, उगवतीला सरळ चाला, चाळीसला थांबा. तो वैतागला, पण चालला. बायकोशी वाद घालण्यापेक्षा भारा वाहणं सोपं, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तो जिथं थांबला तिथून दोन-तीन हातांवर एक गोल पट्टा होता. गवत सगळीकडं वाळून पिवळं पडलं होतं. तिथलं अजून बुडाशी हिरवं होतं आणि विळा मारला की पातं ओलं होई. गावात त्याला मोरी म्हणत. छावणीच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी तिथं मुरायचं, असा सगळ्यांचा समज. पन्नास वर्षं सांडपाणी कसं टिकलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"आजोबा तुमचे कसे चालायचे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी कुठं पाहिलेत? माझ्यासारखेच असतील. बाबा म्हणतात, मी त्यांच्यासारखा चालतो. पाय ओढत." तो भारा खाली टाकत म्हणाला. "शिवी म्हणून म्हणतात."

जेवताना तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. आकडे सांगितले. कागद छावणीच्या आधीचा, मोजणारा माणूस शेतकरी, त्याच्या नडगीवर कुणी काठी मारलेली नव्हती. मग चाळीस पावलं त्याचीच धरायची की त्या मास्तरची? सासऱ्यानं ताट बाजूला सरकवलं.

"माझं पाऊल चुकतं म्हणतेस?"

"बरोबर आहे. पण तुमचं नाही ते."

"सगळं गाव माझ्याकडनं मोजून घेतं!"

"गावानं भिंती मोजून घेतल्या. विहीर तुमच्या बापाची होती. आणि तुमच्या आई खरं सांगत होत्या," ती म्हणाली. "अलीकडं."

सासरा उठला. "उद्या परक्या माणसांसमोर मला पाय ओढत चालायला लावणार तू? शाल द्यायला बसलेत ते लोक. आणि मी फरफटत..." त्यानं वाक्य सोडलं आणि बाहेर जाऊन गोठ्यापाशी उभा राहिला. एकटाच, टाचा जुळवून.

"बास झालं," नवरा म्हणाला. "म्हाताऱ्याला जिवंतपणी किती सोलशील?"

"त्यांच्या आईला कुणी सोललं तेव्हा कुणी म्हटलं का बास?" ती म्हणाली, आणि सासऱ्याचं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी दोघं साहेब आले. मोजणीदार जाडसर, घामट, सगळ्या जगानं आपला वेळ खाल्लाय अशा चेहऱ्याचा. स्मारकसाहेबाच्या गळ्यात कॅमेरा. कुंपणाची चौघं तारेच्या वेटोळ्यांवर बसून बघत होती.

मोजणीदारानं कागद वाचला. "चाळीस पावलं. एक पाऊल तीस इंच. म्हणजे शंभर फूट." त्यानं टेपचं टोक दगडाशी धरायला सांगितलं आणि शंभरावर जाऊन खड्ड्यात डोकावला. "कातळ आहे. मागच्या अहवालातही विहीर निघाली नव्हती."

"तीस इंच कुणी ठरवलं?" सुनेनं विचारलं.

"नियमावलीत आहे."

"कुठल्या?"

"छावणीच्या. इथल्या सगळ्या मोजण्या तिच्यावरूनच होतात."

"कागद छावणीच्या आधीचा आहे. लिहिणाऱ्याला तुमची नियमावली स्वप्नात दिसली होती का?"

मोजणीदारानं नवऱ्याकडं पाहिलं. बायका बोलल्या की तो उत्तर पुरुषाला देत असावा. "मग काय, तुम्ही सांगाल तेवढं पाऊल धरू? उद्या कुणी म्हणेल माझ्या आज्याचं पाऊल हातभर होतं."

"एक मिनिट, एक मिनिट," स्मारकसाहेब मध्ये आला. "आजोबा, तुम्ही इथं आहात, प्रकाश चांगला आहे. एकदा चालून दाखवा ना. दगडापासून. सोमवारच्या फलकाला फोटो होईल."

सासऱ्यानं सदरा नीट केला. दगडाला पाठ लावली. सुनेनं मान फिरवली, पण टाचांचा आवाज तिला ऐकू येतच होता. तो सुंदर चालला, हे तिलाही नाकारता आलं नसतं. काटकुळा म्हातारा, पण कुठं लवलेला नाही, हात एका रेषेत. चाळीसला थांबला तो बरोबर खड्ड्याच्या कडेवर. स्मारकसाहेबानं टाळ्या वाजवल्या. तारेवर बसलेल्यांनीही वाजवल्या, आणि एकानं तोंडानं बिगुल वाजवला. बाकीचे पोट धरून हसले.

सासरा त्या हसणाऱ्यांकडं बघत राहिला. असं पाहिलं जणू या माणसांना तो ओळखत होता, पण कुठं भेटलो ते आठवत नव्हतं.

"तर मग लिहितो," मोजणीदार म्हणाला. "खूण आढळली नाही."

"थांबा," सासरा म्हणाला.

तो खड्ड्यापासून चालत परत आला, दगडाच्या पलीकडं भारे रचले होते तिथं. "दे," तो सुनेला म्हणाला.

"हलका देऊ?"

"मोठा दे."

तिनं आणि नवऱ्यानं मिळून भारा त्याच्या डोक्यावर चढवला. त्याची मान खाली बसली, खांदे पुढं आले, गुडघे किंचित वाकले. चेहरा गवतात दिसेनासा झाला.

"आजोबा, हे फोटोसाठी नको," स्मारकसाहेब म्हणाला.

"याच्यासाठी कुणी बिस्किट देत नाही," भाऱ्याखालून आवाज आला. "आमचा बाप असा चालायचा. मोजा."

दगडापासून तो निघाला. पाय घासत, बुटका होत, माती उडवत. एक, दोन. त्यानं मोठ्यानं मोजलं. विसाच्या पुढं त्याचा श्वास लागला, आणि तीसला त्यानं मोजणं सोडलं. मग सूनच मोजू लागली. कुणी हसत नव्हतं. चाळीसला तिनं "थांबा" म्हटलं. तो हिरव्या पट्ट्यापासून दोन हात अलीकडं थांबला होता. बरोबर त्याच्यावर नव्हता. तिला ते आवडलं. अगदी बरोबर पडला असता तर मोजणीदार म्हणाला असता, जागा बघून थांबला.

"टेप लावा," ती म्हणाली.

त्र्याहत्तर फूट आणि काही बोटं. मोजणीदारानं हिरव्या गवताकडं पाहिलं, बुटानं ते दाबलं. बुटाभोवती ओल आली. तो चिडला, काम वाढलं की माणसं चिडतात तसा. "खणा. पण मी जेवणापर्यंतच आहे."

नवऱ्यानं पहार घेतली. इथं ती कातळाला नव्हे, दीड हातावर कशाला तरी खणकन लागली. डबा निघाला. मग डबेच डबे, गंजून एकमेकांना चिकटलेले. बाटल्या. कुजलेले बुटांचे तळवे. दात घासायच्या ब्रशांचे दांडे, अगणित. लाकडी बंदुकीचा अर्धा दस्ता.

"अरे!" स्मारकसाहेब गुडघ्यांवर बसला. "अरे, हे तर... हळू, हळू मारा!" त्यानं तो दस्ता रुमालात घेतला. घरची चौकट लागलेला हात त्यानं ज्या रुमालाला पुसला होता त्याच रुमालात.

"छावणीचा उकिरडा," मोजणीदार म्हणाला. "विहीर कुठाय यात?"

"खाली," सून म्हणाली आणि पाटी भरली.

जेवणाची वेळ टळली. मोजणीदार दोनदा घड्याळ बघून उठला आणि दोन्ही वेळा सुनेनं त्याच्या वाटेत पाटी ओतली. छातीइतकं खोल गेल्यावर नवऱ्याची पहार बाजूला घसरली आणि त्यानं हातानं चिखल पुसला. दगड होता. घडवलेला. त्याच्या शेजारी दुसरा, आणि दोन्ही मिळून किंचित वळत होते. तो वाकून पुसत गेला आणि वळण पुढं पुढं जात राहिलं. चिखलात पाणी साचू लागलं.

सासरा कडेला बसला होता. त्यानं नुसता हात खाली केला. नवऱ्यानं त्याला धरून उतरवलं. सासऱ्यानं त्या दगडांवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. "ती म्हणत होती," तो मुलाला म्हणाला. एवढंच.

मोजणीदारानं वळणाला टेप लावली, व्यास काढला, कपाळ पुसलं आणि लिहिलं. सुनेनं वाकून वाचलं. 'बांधीव विहीर, पूर्वीची.' तिनं त्याला खाली तारीख घालायला लावली आणि सहीसुद्धा पूर्ण करायला लावली. तो नुसतंच वेटोळं काढत होता. खुंट्या हलवायला त्यानं तारवाल्यांना हाक मारली. ते शिव्या देत उठले.

"पण आता खोदकाम थांबवावं लागेल," स्मारकसाहेब म्हणाला. त्याच्यासमोर डब्यांची रास लागली होती. "हा ऐतिहासिक ठेवा आहे. सैनिकांच्या दैनंदिन जीवनाचा. मी वर लिहितो. हे आहे तसंच राखायला हवं."

"तुमचाच ना हा ठेवा?" सासऱ्यानं खालून विचारलं.

"म्हणजे, सगळ्यांचाच..."

"आमचा नाही. आमची खाली विहीर आहे." त्यानं फावडं भरून वर फेकलं. डबे, चिखल, तळवे, सगळं साहेबाच्या बुटांसमोर पडलं. साहेब मागं सरला. "हवं तर घेऊन जा. नाही तर आम्ही वाटेवर टाकू."

"पण सोमवारी! संचलन! सगळे येणार आहेत, पुढं कोण चालणार?"

सासऱ्यानं आणखी एक फावडं भरलं. त्याचे पाय नडग्यांपर्यंत चिखलात होते.

"सोमवारी आम्हाला गाळ काढायचाय," तो म्हणाला. "सगळ्यांना घेऊन इकडंच या. माणसं कमी पडतायत. बूट मात्र घरी ठेवून या."